हरिदास मास्तरांचे डोळे वाजतात

हरिदास तळभंडारे सोलापूरच्या एसटी डेपोत कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणायची रीतच आहे, पण हरिदासला लोक जरा जास्तच चवीनं मास्तर म्हणायचे, कारण थापा मारण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या डेपोत कोणी नव्हता. कुमार नावाचा नवा ड्रायव्हर पहिल्यांदा त्याच्या अक्कलकोटच्या गाडीवर आला, तेव्हा हरिदासनं त्याला तोंड गंभीर ठेवून सांगितलं, "वळसंगच्या पुढं एक म्हैस रस्त्यात बसलेली असते. ती सरकारी हाय. तिला हॉर्न द्यायचा न्हाय. खाली उतरून विनंती करायची." वळसंगच्या पुढं योगायोगानं म्हैस बसलेलीच होती. कुमार उतरला, हात जोडून उभा राहिला, आणि म्हैस उठून बाजूला झाली. त्यामुळं ती थाप होती हे कुमारला पुढं कितीतरी महिने पटलंच नाही.

घरी तेच. लग्नाआधी त्यानं सासऱ्याला छाती ठोकून सांगितलं होतं की मला कन्नड घरच्यासारखं येतं. नागूबाई नांदायला आल्यावर कळलं, गड्याला कन्नड येत होतं ते 'बर्री', 'होग्री' आणि 'चिल्लर इल्ला', म्हणजे या, जा आणि चिल्लर नाही, एवढंच. नागूबाईनं तेव्हापासून एक सवय लावून घेतली. नवरा काहीही बोलला की आधी निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेलं उद्या ऐकायचं.

अशा माणसाला एका सकाळी आरशासमोर दाढी करताना आपले डोळे ऐकू आले.

नुकतीच एक दांडगी सर्दी होऊन गेली होती. घर हादरेल अशा शिंका देऊन झाल्या होत्या. गालाला साबण लावून त्यानं कल्ला सरळ आहे का बघायला नजर बाजूला नेली आणि उजव्या कानात आवाज आला, खर्र! मांजरानं पत्र्यावरून नख ओढावं तसा. त्यानं मागं वळून पाहिलं. मांजर नव्हतं. नजर दुसरीकडं नेली. खर्र. वर, खर्र. खाली, खर्र. मान हलवून पाहिली, काही नाही. नुसते डोळे फिरवले, खर्र.

"नागू," तो मोरीतूनच ओरडला, "माझे डोळे वाजतात!"

"वाजू द्या. चहा निवतोय."

डेपोतल्या कँटीनमध्ये त्यानं हे सांगितलं, तेव्हा लोक पोट धरून हसले. वर्कशॉपमधला मेकॅनिक सयाजी नेहमीसारखा ओरडूनच म्हणाला, "मास्तर, बेरिंग गेलं असंल. या तिकडं, ग्रीस भरतो." हरिदासही हसला. लोक हसले की आपणही हसायचं ही त्याची जुनी खोड. पण हसताना त्याचा स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून हसल्यासारखा त्याच्याच डोक्यात घुमला आणि तो मध्येच थांबला.

मग एकेक सुरू झालं. बोललं की डोक्यात घुमायचं, म्हणून तो हळू बोलायला लागला. "तिकीट, तिकीट" हे इतकं दबकत म्हणायचा, की प्रवाशांना वाटावं हा चोरीचा माल विकतोय. चालताना टाचेचा दणका कानात यायचा. पण सगळ्यात वाईट गत जेवताना. सोलापूरची कडक भाकरी म्हणजे पापडाची थोरली बहीण. तिचा तुकडा शेंगाचटणीला लावून तोंडात टाकला की पत्र्याच्या शेडवर कुणीतरी दगडांचा टिप्पर रिकामा केल्यासारखा आवाज. चावत असताना त्याला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. नागूबाई काही बोलायला लागली की त्याला घास तोंडात तसाच धरून थांबावं लागायचं. नागूबाईला यात वाईट काही दिसलं नाही. इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदाच चावायचं थांबवून तिचं ऐकत होता.

चेष्टेत घेता येणार नाही असं एकच होतं. मागून ट्रकनं हॉर्न दिला की रस्ता कलायचा. गड्ड्याच्या जत्रेत उंच पाळणा वरून खाली येताना पोटात जसं होतं तसं व्हायचं आणि हरिदास हाताला येईल ते धरायचा. एकदा हाताला आलं ते एका प्रवाशाचं डोकं होतं.

मग दवाखाने सुरू झाले. घराजवळच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. कान स्वच्छ. रक्तदाब पाहिला, तोही बरा. चक्करेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, चक्कर तिथंच. दुसरे डॉक्टर म्हणाले, मानेचे मणके झिजलेत, पट्टा लावा. हरिदासनं पट्टा लावला. आता मान वळेना. मान वळेना म्हटल्यावर तिकिटं देताना इकडचं तिकडचं बघायला डोळेच फिरवावे लागायचे, आणि डोळे फिरवले की खर्र. पट्टा लावल्यापासून आवाज दुप्पट झाला. हे त्यानं डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की घरी येऊन त्यानं पट्टा खुंटीला टांगला.

तिसऱ्या ठिकाणी डोक्याचा फोटो काढला. "मेंदू अगदी नॉर्मल आहे," तिथले डॉक्टर म्हणाले.

नागूबाई खुर्चीत पुढं सरकली. "साहेब, फोटो ह्यांचाच हाय ना? परत एकदा नाव बघा."

चौथे डॉक्टर मनाचे. माणूस भला होता, पंखा वाढवून त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा आवाज तुम्हाला काही सांगतो का?"

"न्हाय साहेब. नुसता खर्र म्हणतो."

"हे कर, ते करू नको, असा काही हुकूम?"

"डोळ्यांना हुकूम मीच देतो की. ते मला कशाला देतील?"

डॉक्टर हसले. हरिदासला बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी कोणीतरी योग्य जागी हसलं होतं. पण चिठ्ठीवर गोळ्या आल्या त्या ताण कमी करायच्या. त्या घेऊन तो झकास झोपायचा. अडचण एवढीच होती की सकाळी डोळे उघडायचे, आणि उघडले की फिरायचे.

फुकटचे सल्ले वेगळेच. अक्कलकोटहून भाजी घेऊन सोलापूरच्या बाजाराला येणारी काशम्मा त्याची जुनी प्रवासी. तिनं त्याला दांडीला लटकलेलं पाहिलं आणि म्हणाली, "येनायतु मास्तर, काय झालं?" त्यानं सांगितलं, तशी म्हणाली, " कानाचं काय हाय त्ये? कांदा ठेचायचा, रस कोमट करायचा, दोन थेंब घालायचे. माझ्या म्हशीला गुण आला." हरिदासनं तेही केलं. पुढचे कितीतरी दिवस तो ज्या बाकाजवळ उभा राहील, तिथल्या प्रवाशांना भजी खायची इच्छा व्हायची.

एप्रिलात जयंती आली. बुधवार पेठेतल्या मिरवणुकीत हरिदास दरवर्षी लेझीमच्या पुढं असायचा, पांढरा शर्ट, निळा फेटा, शिट्टी तोंडात. त्या वर्षी तो जाणार नव्हता. पण मंडळाची पोरं घरी आली, म्हणाली, "काका, तुमच्याशिवाय कसं?" मग गेला. कानात कापसाचे बोळे कोंबून गेला. चौकात मोठ्या साउंडचा पहिला दणका बसला आणि हरिदासच्या पायाखालचा डांबरी रस्ता एका बाजूनं उचलला गेला. त्यानं हाताला आला तो झेंड्याचा बांबू धरला. मग बांबू आणि हरिदास असे दोघे मिळून आडवे झाले.

लोकांनी त्याला उठवलं. पाणी दिलं. पण गर्दीतून एक आवाज आला, "अरे आज तरी घ्यायची नव्हती!"

हरिदासनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. वडिलांना शब्द दिला होता आणि बाकी हजार थापा मारल्या तरी तो शब्द त्यानं पाळला होता. त्यानं तोंड उघडलं, "मी पीत न्हाय" म्हणायला. समोरच्या दोघातिघांच्या चेहऱ्यावर हसू आलं. हा मास्तर आता नवीन काय सांगतोय ते ऐकायला ते आतुर झाले होते. हरिदासनं तोंड मिटलं.

त्याची पोरगी प्रतिक्षा, खासगी शाळेत शिकवते, ती हे सगळं जवळून पाहत होती. तिनं बापाचा हात धरून त्याला घरी आणलं.

त्यानंतर हरिदास डेपोत थापा मारायचा बंद झाला. गाडी किती वाजता सुटणार म्हणून विचारलं की तो खरी वेळ सांगायचा. याचा डेपोनं धसका घेतला. कँटीनवाल्यानं न मागता त्याच्या चहात साखर वाढवली. सयाजी दोनदा येऊन विचारून गेला, "मास्तर, घरी सगळं बरं हाय ना?" सगळ्यात जास्त बेचैन झाला तो कुमार. गाडी चालवताना मागून एक तरी थाप आल्याशिवाय त्याला वळसंग जवळ आल्यासारखं वाटायचं नाही.

एका दुपारी अक्कलकोटच्या स्टँडवर गाडी रिकामी उभी होती. हरिदास पुढच्या सीटवर, कुमारकडं तोंड करून, पाण्यात भिजवून मऊ केलेली भाकरी खात बसला होता. मागं कुत्री गाडीखाली शिरली म्हणून कुमारनं हॉर्न दाबला. दाबताना त्याची नजर हरिदासच्या तोंडावर होती.

कुमारचा हात हॉर्नवरच राहिला. "मास्तर, जरा हलू नका."

त्यानं परत दाबला. हरिदासचे दोन्ही डोळे एकदम वर उडाल्यासारखे झाले आणि परत जागेवर आले. मान थोडी कलली. "ए बाबा, का मारतोस मला?" हरिदासनं सीटची दांडी धरली.

"मास्तर, तुमचे डोळे नाचतात!"

"मग मी वर्षभर काय सांगतोय?"

"तुमी वाजतात म्हणालात. नाचतात हे कुटं म्हणालात?" कुमारनं खिशातून मोबाईल काढला. "एकदाच. आईशपथ, फक्त एकदा." मोबाईल समोर धरून त्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दाबला. कंट्रोलर केबिनमधून बाहेर येऊन शिव्या द्यायला लागला, पण त्याआधी व्हिडिओ निघाला होता. हॉर्न वाजतो, डोळे उडतात. हॉर्न थांबतो, डोळे थांबतात. यात मनाचा काही संबंध असेल तर तो हॉर्नच्या मनाचा.

प्रतिक्षानं तो व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी शाळेतून रजा काढली. तिच्या एका सहशिक्षिकेनं कान-नाक-घशाच्या नव्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. ऋतुजा मॅडम. जेऊरच्या, शिकून नुकत्याच सोलापुरात आलेल्या. दवाखान्यात गर्दी नव्हती. नागूबाईला तेच खटकलं. ज्या डॉक्टरकडं गर्दी नाही, त्याच्याकडं कशाला जायचं, असं ती कुजबुजली. तरी चपला काढून आत आलीच, कारण नवरा डॉक्टरपुढं काय काय सांगेल याचा तिला भरवसा नव्हता.

हरिदासनं आता शिकून घेतलं होतं. तो म्हणाला, "चक्कर येते." एवढंच.

"आणखी?"

"न्हाय, एवढंच."

"पप्पा, सांगा की," प्रतिक्षा म्हणाली.

हरिदासनं खाली मान घातली. "मॅडम, हसू नका. मला माझे डोळे फिरताना ऐकू येतात."

ऋतुजा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही कानांत की एकाच?"

हरिदासनं मान वर केली.

"उजव्या."

"स्वतःचा आवाज घुमतो? चालताना पाऊल ऐकू येतं? खाताना?"

"कडक भाकरी..." हरिदास खुर्चीतून अर्धा उठला. "मॅडम, तुमाला कुणी सांगितलं?"

प्रतिक्षानं मोबाईल पुढं केला. मॅडमनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला, आणि खुर्चीतून इतक्या पटकन उठल्या की नागूबाई दचकली. त्यांनी कपाटातून कान तपासायचा, स्टीलचा दोन दांड्यांचा चिमटा काढला, तळहातावर आपटून थरथरवला आणि म्हणाल्या, "काका, पाय पुढे करा."

"पाय? मॅडम, कान हितं हाय."

"माहीत आहे. पाय."

थरथरता चिमटा त्यांनी हरिदासच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. हरिदासच्या कानात गुंऽऽ वाजलं. त्यानं आधी घोट्याकडं पाहिलं, मग मॅडमकडं. आयुष्यभर दुसऱ्यांना चकवत आलेला माणूस तो. त्याला शंका आली, की ही बाई आपल्यापेक्षा वरचढ निघाली.

"कुठं ऐकू आलं?"

"कानात. घोट्याला लावलं आन् कानात वाजलं. ह्यात काय हातचलाखी हाय का?"

"मला लावा बरं," नागूबाईनं साडी वर करून पाय पुढं केला. मॅडमनी लावला. नागूबाईनं डोळे मिटून बराच वेळ वाट पाहिली. "मला तर कायबी न्हाय. नुसती गुदगुली होती."

मग कानाजवळच्या हाडाचा बारीक बारीक कापांचा स्कॅन झाला. आधीच्या फोटोत मेंदू होता, ह्यात नेमकं ते हाड. काही दिवसांनी मॅडमनी चित्र पडद्यावर लावून पेनाच्या टोकानं दाखवलं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन कड्या असतात. त्यातल्या वरच्या कडीवर हाडाचं छप्पर असतं. हरिदासचं ते छप्पर जन्मापासूनच कागदासारखं पातळ असणार, आणि बहुधा त्या सर्दीत, शिंकेच्या जोरानं, त्याला भोक पडलं होतं.

"आतल्या कानाला दोनच खिडक्या असतात, काका. तुमच्या कानाला तिसरी पडलीय. म्हणून शरीरातले आवाज त्या वाटेनं आत घुसतात, आणि बाहेरचा मोठा आवाज आला की तोल हलतो. असे पेशंट कमी असतात. पण असतात. तुमच्यासारखंच सांगतात, डोळे वाजतात म्हणून."

"म्हंजे आणखी हाईत?"

"जगभर आहेत."

हरिदासला तेव्हा जे रडू आलं, ते त्यालाही अनपेक्षित होतं. तो हुंदके द्यायला लागला, आणि हुंदके डोक्यात घुमले म्हणून परत थांबला. नागूबाईनं पदर पुढं केला. तिचा चेहरा पडला होता.

"म्हंजे खरंच वाजत होते व्हय हो?"

"मग काय!"

"मग तुमी नीट सांगायचं की," ती म्हणाली. "तुमी खरं बोलताना पण तसलंच तोंड करता."

डेपोत बातमी पोचायला वेळ लागला नाही. हरिदासनं कँटीनमध्ये अहवाल टेबलावर ठेवला आणि घसा साफ केला. "डोक्याच्या हाडाला भोक हाय."

अहवाल हातोहात सगळ्या टेबलांवरून फिरला. मग सयाजी म्हणाला, "मास्तर, ह्याला एवढा खर्च कशाला केला? आमाला विचारायचं की!" आणि सगळं कँटीन हसलं. हरिदासही हसला, अगदी मनापासून. कारण ह्या वेळी लोकांनी आधी विश्वास ठेवला होता आणि नंतर हसले होते. कुमार तर सगळ्यांना मोबाईल दाखवत फिरत होता, जणू रोग त्यानंच शोधलाय.

मॅडमनी सांगितलं होतं, मोठे आवाज टाळून असंच राहता येतं, नाहीतर पुण्यात ऑपरेशन होतं. कानामागून जाऊन ते भोक हाडाच्याच चुऱ्यानं बुजवतात. धोका असतो, कानाला थोडं कमीही ऐकू येऊ शकतं. हरिदासनं बरेच दिवस विचार केला. मोठे आवाज टाळून एसटीत नोकरी करायची म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहायचं. शेवटी तो पुण्याला गेला. नागूबाई बरोबर होती आणि तिनं ऑपरेशनच्या डॉक्टरांना बजावून सांगितलं, "भोक बुजवताना तेवढंच बुजवा, बाकी काय हात लावू नका. सवय झालीय."

पहिले काही आठवडे तो भिंतीला धरून चालला. जग होडीत बसल्यासारखं हलायचं आणि त्याला वाटायचं, होतं तेच बरं होतं. मग हळूहळू ते थांबलं. एका सकाळी जेवायला बसला असताना त्याच्या लक्षात आलं, की आपण कडक भाकरी चावतोय आणि नागूबाई बोलतेय आणि दोन्ही ऐकू येतंय. त्यानं ही गोष्ट नागूबाईला लगेच सांगितली नाही. मोठा घास घेतला की काही ऐकू येत नाही, असं तो आणखी महिनाभर भासवत राहिला. उजव्या कानाला पूर्वीपेक्षा किंचित कमी येतं, आणि पटकन वळलं की अजून जरा गरगरतं. बाकी डोळे गप्प.

कामावर परत आल्यावर एक नवीनच प्रकार सुरू झाला. लोक त्याला शोधत यायला लागले. मोहोळची एक म्हातारी आली, तिला सारखा काहीतरी जळाल्याचा वास यायचा आणि सुना चुलीपाशी जाऊन जाऊन थकल्या होत्या. एका क्लीनरच्या बोटांना उन्हाळ्यात थंडी वाजायची. हरिदास गाडी सुटेपर्यंत सगळ्यांचं ऐकायचा, हसायचा नाही, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं ते सांगायचा, आणि काय काय सांगायचं ते त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचा.

हे पाहून सयाजीला राहवेना. एक दिवस तो लंगडत आला. "मास्तर, माझ्या उजव्या गुडघ्यात गाणं वाजतं."

मागं वर्कशॉपची पोरं तोंड दाबून उभी होती. हरिदासनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कसलं गाणं?"

"आं? असंच... लग्नातलं."

"चालताना की बसल्यावर?"

"दोनी वेळा."

"कधीपासून अंगावर काढतोयस, सयाजी?" हरिदासचा आवाज इतका मऊ झाला की सयाजी गडबडला. "घाबरू नको. माझं पण असंच झालं होतं, कुणी मानलं न्हाय." आणि सयाजीनं काही बोलायच्या आत त्यानं ऋतुजा मॅडमच्या दवाखान्यात फोन करून नंबर लावला. सुट्टी झाल्यावर त्याला स्वतः हाताला धरून रिक्षात घातलं. सगळ्या रस्त्यानं त्याची पाठ थोपटत होता.

दवाखान्याच्या दारात सयाजीनं कडी धरली. "मास्तर, मी थट्टा केली हो. गुडघ्यात कायबी वाजत न्हाय."

"मला माहीत हाय."

"मग?"

"नंबर लावलाय. मॅडमचा वेळ घेतलाय. आता आत जाऊन सांग की, काय दुखतंय ते."

आतून नाव पुकारलं. सयाजीचा चेहरा शाळेत गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा झाला. आत जाऊन त्यानं जे सुचेल ते सांगितलं, म्हणाला, जरा कान बघा. मॅडमनी पाहिले. इंजिनांच्या धुळीत आणि तेलात इतकी वर्षं काढलेले ते कान. मॅडमनी कान धुवायला नर्सला मोठं भांडं आणायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं सयाजी बाहेर आला. दोन्ही कान लाल, चेहरा भांबावलेला. रस्त्यावर रिक्षा ओरडत होत्या, फळवाला ओरडत होता, कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. सयाजी पायरीवरच थांबला आणि चारी दिशांना बघायला लागला.

"मास्तर," तो नेहमीच्या सवयीनं ओरडून म्हणाला, "हितं एवढा गोंगाट कधीपासून सुरू झाला?"

"हळू बोल की," हरिदास म्हणाला. "मला ऐकू येतंय."